'पॅलेस्टिनी' म्हणजे नक्की कोण?

तळटीप

नाताळ जवळ आला की दोन ठरलेले संदेश फिरायला लागतात. पहिला : "येशू पॅलेस्टिनी होता." दुसरा, त्याला चपराक म्हणून : "पॅलेस्टिनी नावाचे लोक कधी नव्हतेच, १९६४ साली तयार केले." मला दोन्हींत एकच खोट दिसते. आजच्या अर्थाचा शब्द उचलायचा, हवं त्या शतकात नेऊन ठेवायचा, आणि तो तिथे बसला किंवा बसला नाही म्हणून टाळ्या वाजवायच्या.

शब्द जुना आहे यात वाद नाही. इजिप्तच्या तिसऱ्या रामसेसच्या शिलालेखांत (इ.स.पू. बारावं शतक) समुद्रावरून चालून आलेल्या 'पेलेसेत' लोकांचा उल्लेख आहे. मराठी बायबलमधले पलिष्टी ते हेच, शमशोन आणि गल्याथच्या गोष्टीतले. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने किनारपट्टीच्या प्रदेशाला 'पॅलेस्टिने' म्हटलं. पण हे पलिष्टी बॅबिलोनी स्वाऱ्यांनंतर वेगळा समाज म्हणून उरले नाहीत. आजच्या पॅलेस्टिनींना 'पलिष्ट्यांचे वंशज' म्हणणं म्हणजे नुसता नावाचा धागा पकडून वंशवेल काढणं.

येशूचं म्हणाल, तर तो गालीलातला ज्यू. रोमन प्रांताचं नाव तेव्हा यूदया होतं. बार कोखबाच्या पुढारपणाखालचं ज्यूंचं बंड (इ.स. १३२ ते १३५) चिरडल्यावर सम्राट हॅड्रियनने ते बदलून 'सीरिया पॅलेस्टिना' केलं, म्हणजे येशूनंतर शंभरेक वर्षांनी. भूगोलाच्या अर्थाने त्याला पॅलेस्टाइनमधला म्हणायला हरकत नाही, त्याच शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो 'पॅलेस्टिनी सीरिया' असं लिहितोच. पण हा संदेश पाठवणाऱ्याला भूगोल सांगायचा नसतो.

आणि विसाव्या शतकात तर मजा आहे. १९२० ते १९४८ ब्रिटिशांच्या काळात 'पॅलेस्टिनी' हे कागदोपत्री ज्यू आणि अरब दोघांचं नाव होतं. किंबहुना बाहेरच्या जगात हा शब्द ज्यूंच्या संस्थांवरच जास्त दिसायचा. 'पॅलेस्टाइन पोस्ट' हे १९३२ साली निघालेलं ज्यूंचं इंग्रजी दैनिक, १९५० मध्ये ते 'जेरुसलेम पोस्ट' झालं. 'पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा' १९३६ चा, युरोपातून आलेल्या ज्यू वादकांचा. पहिली मैफल चालवायला खुद्द इटालियन वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी आला होता. १९३४ च्या विश्वचषक पात्रता फेरीत इजिप्तकडून ७-१ ने हरलेला 'पॅलेस्टाइन' संघ ज्यू खेळाडूंचा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : या शब्दाचा अर्थ किमान तीनदा बदलला. आधी प्रदेश, मग नागरिकत्व, मग एक राष्ट्र म्हणवणारा समाज. तिसरा अर्थ खोटा नाही, पण तो पहिल्याच्या काळावर लादूही नये. तुम्हाला काय वाटतं?

---

खडूसराव

लेख चांगला आहे, पण शेवटच्या वाक्यात तुम्ही हळूच पलटी मारलीत. तिसरा अर्थ खोटा नाही म्हणता, पण तो आला कुठून ते सांगत नाही.

मी सांगतो. तुर्कांच्या राज्यात पॅलेस्टाइन नावाचा प्रांतच नव्हता. जेरुसलेमचा संजक (जिल्हा) वेगळा, नाब्लुसचा वेगळा, अक्कोचा वेगळा. ज्यूंना तिथे राष्ट्रीय घर देऊ करणाऱ्या ब्रिटिशांच्या १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात तिथल्या अरबांना नावसुद्धा नाही, 'बिगरज्यू समाज' म्हणून उरकलंय. १९४८ ते १९६७ वेस्ट बँक जॉर्डनकडे आणि गाझा इजिप्तकडे होतं, तेव्हा तिथे पॅलेस्टिनी राष्ट्र मागायला कोण रस्त्यावर आलं? १९६४ साली अरब लीगच्या (अरब देशांच्या संघटनेच्या) आशीर्वादाने पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) निघाली, आणि तिच्या पहिल्या सनदेत तर स्वच्छ लिहिलंय की वेस्ट बँक आणि गाझावर आम्ही सार्वभौमत्व सांगत नाही. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर १९६९ साली बोलल्या की पॅलेस्टिनी असे कोणी नव्हतेच, त्यावर सगळे तुटून पडतात. पण १९७७ साली झुहेर मोहसिन हा पीएलओचाच पुढारी एका डच दैनिकाला म्हणाला की वेगळे पॅलेस्टिनी लोक नाहीत, इस्रायलविरुद्धच्या लढ्यासाठी आम्ही ती ओळख पुढे करतो. घरचाच आहेर. यावर काय म्हणणं?

---

कंदीपेढा

खडूसराव, झुहेर मोहसिन 'पीएलओचा पुढारी' एवढंच सांगून कसं चालेल? तो 'साइका' गटाचा प्रमुख. तो गट सीरियाच्या बाथ पक्षाने उभा केलेला, सीरियाच्या पैशावर चालणारा. दमास्कसचं ठाम मत होतं की पॅलेस्टाइन म्हणजे दक्षिण सीरिया. दमास्कसचा माणूस दमास्कसची भाषा बोलणार. त्याला पॅलेस्टिनींचा कबुलीजबाब म्हणून खपवू नका.

आणि १९६४ ही तारीख तर कुठेच टिकत नाही. ही घ्या दोन उदाहरणं.

१९११ साली याफा शहरात इसा अल-इसा आणि यूसुफ अल-इसा या चुलतभावांनी वर्तमानपत्र काढलं. नाव 'फलस्तीन'. दोघेही ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. तुर्कांचं राज्य चालू, ब्रिटिश अजून यायचेत, बाल्फोर सहा वर्षं लांब. तुमच्या त्या तीन संजकांच्या काळातच हे लोक आपल्या वाचकांना 'पॅलेस्टिनी' म्हणत होते.

दुसरं माझं लाडकं उदाहरण चिलीचं. सांतियागोत १९२० साली 'पालेस्तीनो' नावाचा फुटबॉल क्लब निघाला, आजही तो तिथल्या व्यावसायिक स्पर्धांत खेळतो. काढणारे कोण, तर बेथलेहेम आणि बेत जाला या गावांतून पोटासाठी गेलेली ख्रिश्चन कुटुंबं. तुर्की पासपोर्टवर गेल्यामुळे लॅटिन अमेरिकेत त्यांना सगळे 'तुर्को' म्हणायचे. आपण तुर्क नाही हे सांगण्यासाठी त्यांनी स्वतःहून जे नाव निवडलं ते हे. 'अरब' निवडता आलं असतं, 'सीरियन' निवडता आलं असतं. १९२० साली, जगाच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्या अरब लीगने त्यांना शिकवलं?

आणखी मागे जायचं तर दहाव्या शतकातला जेरुसलेमचा भूगोलकार अल-मुकद्दसी आहे. इराणमधल्या शिराझमध्ये पाथरवटांशी दगडकामावर गप्पा मारताना त्यांनी विचारलं, तू मिसरी का? तर हा म्हणाला, नाही, फलस्तिनी.

---

खडूसराव

मुकद्दसीचा किस्सा मला ठाऊक आहे. उमय्या खलिफांच्या काळात 'जुंद फलस्तीन' हा लष्करी जिल्हा होता, आधी लिद्दा आणि मग रामला हे त्याचं ठाणं. माणूस आपला जिल्हा सांगत होता. त्याच पुस्तकात तो जिल्हा शाम, म्हणजे सीरियाचा भाग म्हणून येतो. यातून राष्ट्र निघत नाही.

चिलीचा मुद्दा चांगला आहे, तो मला माहीत नव्हता. पण त्याच सुमाराला घरी काय चाललं होतं ते बघा. १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जेरुसलेमला पॅलेस्टिनी अरबांची पहिली परिषद भरली. ठराव काय? पॅलेस्टाइन हा अरब सीरियाचा भाग आहे, तो तोडू नये. हे तुमच्याच लोकांचं, तुमच्याच परिषदेतलं.

गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं, तसं पॅलेस्टाइन अरबांचं. लक्षात घ्या, अरबांचं. गांधीजी ज्यांची बाजू घेत होते त्यांनाही ते 'पॅलेस्टिनी' म्हणाले नाहीत.

---

तळटीप

१९१९ चा ठराव खराच आहे, आणि पॅलेस्टिनींच्या बाजूने लिहिणारे बरेचदा तो गाळतात. पण तुम्हीही पुढचं पान उलटत नाही. तेव्हा दमास्कसला फैसलचं अरब राज्य उभं राहत होतं, त्यात सामील होणं ही ज्यू वसाहतीविरुद्धची सर्वांत पक्की तटबंदी वाटत होती. जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी फैसलला हाकललं. त्याच डिसेंबरात हैफाला तिसरी परिषद भरली, मूसा काझिम अल-हुसैनी अध्यक्ष, आणि दक्षिण सीरियाची भाषा बाजूला पडून मागणी झाली पॅलेस्टाइनच्या स्वतःच्या सरकारची. दोन वर्षांच्या आत. परिस्थितीने राष्ट्र घडवलं म्हणा हवं तर. पण परिस्थितीने न घडलेलं राष्ट्र दाखवा मला.

गांधीजींबद्दल : १९३८ मध्ये 'पॅलेस्टिनी' म्हटलं तर त्यात ज्यूही आले असते, कारण तेही पॅलेस्टिनी नागरिक होते. म्हणून दोघांत फरक करायचा तर 'अरब' म्हणावंच लागायचं. माझा मूळ मुद्दाच हा आहे. त्या काळी 'अरब' लिहिलेलं सापडलं म्हणजे दुसरी ओळख नव्हती असं होत नाही, तेव्हा त्या शब्दावर दोघांचा कागदी हक्क होता एवढंच.

---

झणझणीत

अरबीत 'प' हे अक्षरच नाही. ज्यांना स्वतःच्या देशाचं नाव उच्चारता येत नाही त्यांचा देश कसला? 😀

---

कंदीपेढा

ते 'फलस्तीन' म्हणतात, हजारेक वर्षं म्हणतायत. 'पॅलेस्टाइन' हे ग्रीक-लॅटिन वळण. जर्मन लोक स्वतःला 'जर्मन' म्हणत नाहीत, ग्रीक स्वतःला 'ग्रीक' म्हणत नाहीत. दोन्ही देश नकाशातून पुसायचे का? पुढचा विनोद पाठवा.

---

रेवदंडेकर

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण या धाग्यावर लिहायलाच हवं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ रायगडचे. माझे निम्मे नातेवाईक इस्रायलमध्ये आहेत, काही लोदला, काही अश्दोदला. तिथे आमच्या लोकांचं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघायचं.

लोदमध्ये आमचे आणि अरबांचे मोहल्ले जवळजवळ आहेत. माझी मावशी, वय ऐंशीच्या पुढे, शेजाऱ्यांना 'अरब' म्हणते. 'पॅलेस्टिनी' हा शब्द तिच्या तोंडी फक्त बातम्यांतल्या लोकांसाठी येतो, वेस्ट बँकेतल्या किंवा गाझातल्या. शेजारचा किराणावाला तिच्या लेखी पॅलेस्टिनी नाही, तो आपला अरब. त्या किराणावाल्याचा मुलगा मात्र माझ्या मावसभावाला सांगतो, मी इस्रायलचा नागरिक आणि पॅलेस्टिनी. बाप स्वतःला काय म्हणतो विचारलं तर मुलगा म्हणाला, "कोण विचारतंय त्यावर आहे."

हे लोद म्हणजेच तुम्ही वर लिहिलेलं लिद्दा. जुलै १९४८ मध्ये लिद्दा आणि रामल्यातून पन्नास हजारांहून जास्त अरबांना बाहेर काढलं गेलं. पुढे त्या शहरांत जगभरातून आलेले ज्यू वसवले, त्यांत आमचे कोकणातलेही होते. मावशीला हे अर्धंमुर्धं ठाऊक आहे. त्यावर ती बोलत नाही, मीही तिला छेडत नाही.

खडूसराव, तुमच्या सगळ्या लिहिण्यामागचा एक प्रश्न मला टोचतो, 'हे लोक होते कधी?' हा. तो आम्हालाही विचारला गेलाय. कोकणात आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, एवढीच ओळख. नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. मग इस्रायलला गेलो तर १९६२ साली मुख्य रब्बींकडून (ज्यू धर्मगुरूंकडून) फर्मान निघालं की बेने इस्रायल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा, हे खरेच ज्यू आहेत का बघा. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये निदर्शनं केली, उपोषणं केली. १९६४ मध्ये सरकार आणि संसद मध्ये पडली तेव्हा ते मिटलं. कोणीतरी खुर्चीवर बसून 'तुम्ही जे म्हणवता ते तुम्ही नाही' असं सांगतं, तेव्हा कसं वाटतं ते आमच्या घरांत माहीत आहे. तेव्हा मी तरी कोणाला ते सांगायला जाणार नाही.

पण कंदीपेढा ताई, तुम्हालाही एक सांगायचंय. इस्रायलमधल्या सगळ्या अरबांना सरसकट 'पॅलेस्टिनी' म्हणण्याची जी नवी पद्धत आहे, ती मला तितकीच खटकते. गालीलातले आणि कार्मेल डोंगरावरचे द्रूझ (अरबी बोलणारे, वेगळ्या धर्माचे लोक) बहुतांशी स्वतःला पॅलेस्टिनी म्हणवत नाहीत, त्यांची मुलं सक्तीच्या लष्करी सेवेत जातात. काही म्हणवतातही, कवी-लेखकांत तर नक्कीच. त्यांना त्यांचं ठरवू द्या.

---

अर्धीवकील

रेवदंडेकर, फार चांगला प्रतिसाद. मी जरा कायद्याच्या बाजूने भर घालते, कारण वर सगळे 'ओळख' या एकाच अर्थाने भांडतायत आणि कागदावर हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

पहिला कागद १९२५ च्या ब्रिटिश नागरिकत्व आदेशाचा. तुर्कांचे जे प्रजाजन १ ऑगस्ट १९२५ रोजी पॅलेस्टाइनमध्ये राहत होते ते पॅलेस्टिनी नागरिक. युरोपातून आलेल्या ज्यूंना अर्ज करून ते घेता यायचं. गोल्डा मायर कीवमध्ये जन्मल्या, अमेरिकेत वाढल्या, १९२१ साली आल्या, आणि पुढे एका मुलाखतीत त्याच म्हणाल्या की माझ्याकडे पॅलेस्टिनी पासपोर्ट होता. आणि गंमत (कडू गंमत) अशी की कंदीपेढा यांनी सांगितलेले चिलीतले बेथलेहेमकर बहुतेक या आदेशातून बाहेर पडले. त्या तारखेला ते तिथे राहत नव्हते ना! परत यायला नागरिकत्व मागितलं तर हजारोंचे अर्ज फेटाळले गेले. ज्यांनी शब्द छातीवर लावला ते कागदावर परके, आणि काल बोटीतून उतरलेला कागदावर पॅलेस्टिनी.

दुसरा, १९६८ ची पीएलओची सनद. त्यात पाचवं कलम म्हणतं की १९४७ पर्यंत पॅलेस्टाइनमध्ये राहणारे अरब, मग ते हाकलले गेलेले असोत वा तिथेच राहिलेले, ते पॅलेस्टिनी. आणि त्यानंतर पॅलेस्टिनी बापाच्या पोटी जन्मलेला कोणीही, कुठेही जन्मला तरी. सहावं कलम : झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवाद्यांचं) 'आक्रमण' सुरू होण्यापूर्वीपासून तिथे राहणारे ज्यूही पॅलेस्टिनी. आक्रमण नक्की कधी सुरू झालं ते कलमात लिहिलेलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच.

तिसरा, युनोच्या मदत संस्थेचा (उनर्वा). तिथे 'पॅलेस्टिनी निर्वासित' ही वंशाची व्याख्या नाहीच. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्यांचं नेहमीचं घर पॅलेस्टाइनमध्ये होतं, आणि १९४८ च्या युद्धात ज्यांचं घर आणि पोटापाण्याचं साधन दोन्ही गेलं, ते. सुरुवातीला या यादीत इस्रायलच्या हद्दीतले काही ज्यूही होते, १९५२ मध्ये इस्रायलने त्यांची जबाबदारी घेतली.

आणि मग ज्याचं त्याचं नशीब. नाब्लुसच्या माणसाला जॉर्डनने नागरिकत्व दिलं आणि जुलै १९८८ मध्ये राजे हुसेननी वेस्ट बँकेशी संबंध तोडले तेव्हा ते गेलं. त्याचाच भाऊ अम्मानमध्ये राहत असेल तर तो 'पॅलेस्टिनी मूळचा जॉर्डनी'. लेबनॉनमधल्या छावणीतला चुलतभाऊ तिसऱ्या पिढीतही निर्वासित, अनेक व्यवसाय त्याला बंद. पूर्व जेरुसलेममधली बहीण इस्रायलची 'कायम रहिवासी', नागरिक नाही. फार काळ बाहेर राहिली तर तो रहिवासही जाऊ शकतो. एका आजोबांची चार नातवंडं, चार कागद. त्यांना बांधणारा एकच शब्द उरतो, आणि तोच खडूसराव काढून घ्या म्हणतात.

---

खडूसराव

काढून घ्या कुठे म्हटलं? इतका प्राचीन असल्याचा आव आणू नका म्हटलं.

तुमच्या तिसऱ्या कागदाबद्दल बोलू. व्याख्येत घर आणि रोजगार गेलेले लोक म्हणता. १९४८ साली ते सातेक लाख होते. आज नोंद जवळपास साठ लाखांवर आहे, कारण मुलं, नातवंडं, पणतू सगळे धरले जातात. जॉर्डनचं पूर्ण नागरिकत्व मिळालेला माणूसही यादीत निर्वासितच. माझे आजोबा १९४७ मध्ये कराचीहून मुंबईला आले. मी निर्वासित नाही. हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या फुगत ठेवण्यामागे राजकारण आहे आणि ते करणारे बहुतेक अरब देशच आहेत.

दुसरं, आडनावं बघा. अल-मसरी म्हणजे इजिप्तचा. हौरानी म्हणजे सीरियातल्या हौरानचा. मुघरबी, मोरोक्कोकडचा. बुश्नाक म्हणजे तर चक्क बोस्नियाचा, १८७८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया घेतल्यावर आलेले मुसलमान. हे मूळचे 'भूमिपुत्र'?

---

कंदीपेढा

आपल्याकडे कानडे, तेलंग, गुजर, मारवाडे अशी आडनावं आहेत. कानडे आडनावाचा माणूस मराठी नाही हे त्याच्या तोंडावर म्हणून दाखवा, मग बोलू.

नाब्लुसचं मसरी घराणं त्या शहराचा आर्थिक कणा आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदतंय. आणि आडनावंच मोजायची तर नाबुल्सी, खलीली, मकदिसी, तबरी हीही मोजा की. नाब्लुसकर, हेब्रॉनकर, जेरुसलेमकर, तिबेरियासकर. ही कोणत्या देशातून आली?

जुन्या जेरुसलेममध्ये भारतीय धर्मशाळा आहे, झाविया अल-हिंदिया. बाबा फरीद तेराव्या शतकात तिथे राहिले अशी परंपरा आहे. १९२४ पासून तिची देखभाल सहारनपूरहून आलेलं अन्सारी कुटुंब करतं. त्यांची पुढची पिढी अरबी बोलते, तिथलीच झाली. मूळ सहारनपूरचं म्हणून ते त्या शहराचे नाहीत का?

---

खडूसराव

ताई, मग हाच न्याय बोटीतून उतरलेल्या पोलिश ज्यूच्या नातवाला लावा. तोही तिथलाच झाला.

---

कंदीपेढा

लावते की. नातू तिथलाच आहे. आजोबांनी कोणाच्या घरात बस्तान मांडलं हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, एवढंच.

---

घड्याळजी

अवांतर : त्या भागात एक विषारी घोणस असते, शास्त्रीय नाव 'दाबोइया पॅलेस्टिनी', आपल्या घोणशीचीच सख्खी नातेवाईक. इस्रायलने २०१८ मध्ये तिला राष्ट्रीय साप म्हणून निवडलं. हिब्रूत तिचं नाव 'इस्रायलभूमीची घोणस' असं आहे. साप एकच, पासपोर्ट दोन. आणि ज्यूंच्या दोन तालमुदांपैकी (धर्मशास्त्राच्या ग्रंथांपैकी) जेरुसलेम तालमुदला अभ्यासक सर्रास 'पॅलेस्टिनी तालमुद' म्हणतात, त्यावरून कोणी भांडत नाही.

---

तळटीप

घड्याळजी, घोणस घेतलीत, आभार. तालमुदचं उदाहरण तर लेखातच हवं होतं.

खडूसराव, निर्वासितांच्या यादीवर चर्चा होऊ शकते, पण दोन वेगळ्या गोष्टी मिसळू नका. यादी कोणी किती फुगवली हा उनर्वाच्या नियमांचा प्रश्न. यादीतून सगळी नावं उद्या काढली तरी ती माणसं पॅलेस्टिनी राहतील. तुमच्या आजोबांना भारत देश म्हणून मिळाला आणि त्याने त्यांना नागरिक म्हणून घेतलं. लेबनॉनमधल्या छावणीतल्या माणसाला कोणी घेतलं?

आता एका कागदाबद्दल सांगतो, ज्यावर फारसं कोणी बोलत नाही. सप्टेंबर १९७८ चा इजिप्त-इस्रायलमधला कॅम्प डेव्हिड करार. त्यात 'पॅलेस्टिनी' आणि 'पॅलेस्टिनी लोक' हे शब्द आहेत. सही झाल्यावर पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना एक चिठ्ठी दिली. मजकूर असा की या करारात जिथे जिथे 'पॅलेस्टिनी' किंवा 'पॅलेस्टिनी लोक' असं आहे, तिथे तुम्ही त्याचा अर्थ 'पॅलेस्टिनी अरब' असा घेता आणि घेणार, हे तुम्ही मला कळवलंत, त्याची ही पोच. म्हणजे करारावर सही करायची, शब्द तसाच ठेवायचा, आणि खिशात वेगळा शब्दकोश बाळगायचा!

बेगिन भाबडे नव्हते. नुसतं 'पॅलेस्टिनी' म्हटलं की प्रदेशाच्या नावावर त्या लोकांचा हक्क मान्य होतो. 'पॅलेस्टिनी अरब' म्हटलं की ते एकवीस अरब देशांतल्या अफाट लोकसंख्येचा तुकडा ठरतात, कुठेही सामावून घेता येतील असा. १९६७ च्या युनोच्या २४२ क्रमांकाच्या ठरावात तर हा शब्दच नाही, फक्त 'निर्वासितांचा प्रश्न' आहे. मग १९७४ मध्ये पीएलओचे प्रमुख अराफत युनोत बोलले, त्याच वर्षी भारताने पीएलओला मान्यता दिली. आणि ९ सप्टेंबर १९९३ या तारखेच्या पत्रात इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी मान्य केलं की पीएलओ ही 'पॅलेस्टिनी लोकांची' प्रतिनिधी आहे. इथे 'अरब' हे शेपूट नाही. बेगिन ते राबिन या पंधरा वर्षांत एक शब्द गळला, आणि त्यासाठी किती माणसं गेली!

मार्च २०२३ मध्ये इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच पॅरिसमध्ये पुन्हा तेच म्हणाले, पॅलेस्टिनी लोक असं काही नाही. आणि पुढे म्हणाले, खरा पॅलेस्टिनी कोण तर मी, माझी आजी मेतुल्लाची. म्हणजे नाकारायचाही आहे आणि हवाही आहे.

---

अर्धीवकील

अलीकडे तर तो शिवी म्हणूनही वापरून झाला. जून २०२४ च्या वादफेरीत ट्रम्प बायडेनना म्हणाले की हा आता पॅलेस्टिनीसारखा झालाय, पण वाईट पॅलेस्टिनी. पुढच्या वर्षी सिनेटमधले डेमोक्रॅट नेते शुमर यांना, जे स्वतः ज्यू आहेत, त्यांनाही 'पॅलेस्टिनी झाला' म्हणाले. ज्याचं अस्तित्वच नाही असं म्हणतात त्याची शिवी कशी होते?

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांचंही बघा. मथळ्यात 'पॅलेस्टिनी' येतो तेव्हा पुढचा शब्द बहुधा 'दहशतवादी', नाहीतर 'मृत'. बेथलेहेमचा सुतार, रामल्लाची बँक कारकून, हैफाची डॉक्टर बातमीत येतच नाही. मराठी वाचकाच्या डोक्यात पॅलेस्टिनी म्हणजे मुसलमान, गाझा आणि बंदूक. जॉर्ज हबाश, हनान अश्रावी हे पुढारी आणि लेखक एडवर्ड सईद हे ख्रिश्चन घरांतले आहेत हे सांगितलं की लोक दचकतात.

---

खडूसराव

जॉर्ज हबाशचं नाव सोज्वळ यादीत घालू नका. विमानं पळवणारी संघटना त्याने काढली. ख्रिश्चन होता हे खरं, पण बंदूकवाला होताच.

---

रेवदंडेकर

आणि तो लिद्दाचाच. जुलै १९४८ मध्ये बाहेर पडलेल्यांत तोही होता.

नाब्लुसच्या समरितनांचं कोणी लिहिलं नाही. आठ-नऊशे माणसं जगात, अर्धी गरिझीम डोंगरावर आणि अर्धी तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये. स्वतःला प्राचीन इस्राएलींचे वंशज म्हणवतात, तोरा (मोशेचे ग्रंथ) मानतात, शाब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळतात. डोंगरावरच्यांची रोजची भाषा अरबी, ओळखपत्रं पॅलेस्टिनी आणि इस्रायली दोन्ही. अराफतनी त्यांच्यासाठी पॅलेस्टिनी विधिमंडळात एक जागा राखली होती. आता यांना कुठल्या खणात टाकता?

---

खडूसराव

समरितनांना कुठल्याच खणात नाही, त्यांना शांतपणे जगू द्या.

बाकी माझ्यापुरतं सांगतो. आज जे स्वतःला पॅलेस्टिनी म्हणवतात त्यांना मी तेच म्हणेन, त्यात माझं काही जात नाही. दीडशेहून जास्त देशांनी त्यांचं राष्ट्र मान्य केलंय, आपण तर १९८८ सालीच. पण १९४८ पूर्वीचं लिहिताना मी 'पॅलेस्टाइनमधले अरब' आणि 'पॅलेस्टाइनमधले ज्यू' असंच लिहिणार. तेव्हाचा शब्द दोघांचा होता असं धागाकर्तेच म्हणतात. मग तो एकाला का द्यायचा?

---

कंदीपेढा

याफ्याच्या त्या दोन चुलतभावांना काय म्हणाल मग? १९११ साली दोघांचा कागदी हक्क वगैरे काही नव्हतं. त्यांनी स्वतः निवडलेला शब्द आहे.

---

खडूसराव

त्यांना पॅलेस्टिनी. आणि १९३६ साली तोस्कानिनीच्या हाताखाली वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्यालाही, जर त्याने १९२५ च्या आदेशाखाली अर्ज केला असेल तर. दोन्ही चालत असतील तर मी तयार आहे. एकच चालणार असेल तर नाही.

---

कंदीपेढा

व्हायोलिनवाल्याच्या नातवंडांना विचारा त्यांना चालतं का. नसेल चालत, तर भांडण माझ्याशी नाही.